पानथरी, यकृत आणि एक शीर

कल्याणापलीकडे आगगाडी वळली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे ओळीने लागतात. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० मधले, उल्हासनगर मात्र फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रयास आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसविले व त्यास हे नाव १९४९ साली मिळाले. या टापूतील एखाद्या निर्व्यसनी घरातल्या तरुणास एकाएकी रक्ताची उलटी झाली आणि डाव्या बरगडीखाली वाढलेली पानथरी हातास लागली, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? “पीत असला पाहिजे, लिव्हर गेले!” हा निवाडा अन्यायाचा कसा ठरू शकतो हे उमजण्यास थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

वाढलेली पानथरी आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. चरकसंहितेत सांगितलेल्या आठ उदररोगांत प्लीहोदर आहेच. इंग्रजी अमदानीत, १८४७ च्या सुमारास, डेम्प्स्टर या डॉक्टराने उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांकाठच्या लोकांच्या पानथऱ्या चाचपून हिवतापाचे मान ठरविले. इकडे युरोपात लेनेक याने १८१९ साली निबर झालेल्या पिंगट यकृतास ‘सिरॉसिस’ हे नाव दिले होते. पुढे फ्लॉरेन्सच्या बांटीस असे रोगी आढळले की, ज्यांची पानथरी आधी वाढे व यकृत मागाहून बिघडे. तेव्हा मूळ दोष पानथरीतच असावा असे मत त्याने १८९४ पर्यंत मांडले, आणि शस्त्रवैद्य दीर्घकाळ पानथरीच काढून टाकीत राहिले.

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही समजूत पालटली. जठर, आतडी व पानथरी यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेस पोर्टल शीर म्हणतात. तिची वाट कोठेही अडली तरी मागे रक्त तुंबते, दाब वाढतो, पानथरी फुगते. आणि अन्ननलिकेच्या तळाशी ताणलेल्या शिरा फुटल्या की रक्ताची उलटी होते. पाट कोठे तुंबला हे न पाहता पाण्याखाली गेलेल्या शेतासच दोष द्यावा, तसे पानथरीच्या बाबतीत झाले होते! न्यूयॉर्कच्या व्हिपल याने १९४५ साली या शिरेतील रक्त दुसरीकडे वळविण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला, तो याच नव्या दृष्टीने.

परंतु वाट अडविणारे यकृतच, व यकृत म्हणजे सिरॉसिस, हाही ग्रह सर्वस्वी खरा नव्हता. यकृतात सिरॉसिस नसताही दाब चढलेले रोगी भारतात पुष्कळ आढळले. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह १९६७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चर्चासत्रात ‘नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस’ हे नाव ठरले. येथे यकृताच्या आतील शिरेच्या बारीक शाखा जाड व अरुंद होतात. वारंवार होणारा जंतुसंसर्ग, पाण्यातील आर्सेनिक, रक्त गोठण्याची प्रवृत्ती ही कारणे संभवतात. मद्याची गरज नसते. लहान मुलांत तर पुष्कळदा मुख्य शीरच बंद झालेली असते, व कधी त्याचे मूळ जन्मकाळी नाळेस झालेल्या संसर्गात सापडते.

निदान मात्र सोपे नाही. पानथरी हिवतापाने वाढते. सिंधी समाजात विशेष आढळणाऱ्या थॅलेसेमियानेही वाढते. म्हणून केवळ तिच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. दुर्बिणीने अन्ननलिकेच्या शिरा पाहाव्या लागतात. डॉपलर सोनोग्राफीने यकृतात येणाऱ्या व तेथून निघणाऱ्या शिरा मोकळ्या आहेत की नाहीत हे तपासावे लागते. यकृताचा ताठरपणा मोजला तर या विकारात तो बहुधा सिरॉसिसइतका भरत नाही. यकृतातून निघणाऱ्या शिरेत नळी घालून मोजलेला दाबही फसवा ठरतो. अडथळा त्याआधीच असल्याने तो पुष्कळदा जवळजवळ प्राकृत दिसतो. शेवटी यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच सिरॉसिस नाही याची खात्री होते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण येथे यकृताचे काम बहुधा शाबूत असते. फुगलेल्या शिरांस रबरी वेढे घालून व औषधाने दाब उतरवून रक्तस्राव आवरला, तर असा माणूस बहुधा पुष्कळ वर्षे जगू शकतो. चुकीचे नाव मिळाले तर अब्रू जाते आणि आशाही जाते. पानथरीस अपराधी ठरविण्याची चूक सुधारण्यास वैद्यकास अर्धशतक लागले. रोग्यास अपराधी ठरविण्याची आपली चूक त्याहून लवकर सुधारावी, एवढेच मागणे आहे.