सागवानाचे ऋण

वणी आणि समुद्र यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कापूस, कोळसा आणि चुनखडी यांच्या या मुलखात शिडाची नौका पाहिलेली माणसे विरळाच. तरीही आमच्या तालुक्यात पडलेले पावसाचे पाणी समुद्राच्या दिशेनेच निघालेले असते. पैनगंगा जुगादजवळ वर्धा नदीला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नकाशावर बोट फिरवीत गेलो, तर वणीहून समुद्रापर्यंत पाण्याची वाट अखंड दिसते.

ही वाट केवळ कल्पनेतली राहिली नाही. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, तो 1905 पूर्वी आमच्या गावाच्याच नावाने, ‘वून’ जिल्हा म्हणून, इंग्रजी दप्तरात नोंदला जाई. त्या काळात वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी एक मोठी योजना इंग्रज सरकारने हाती घेतली होती. गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण बांधणारे सर आर्थर कॉटन हे नदीतील नौकानयनाचे कट्टर पुरस्कर्ते. परंतु नदीच्या पात्रात दुम्मगुडेमसारखे खडकाळ अडथळे होते. ते ओलांडण्यासाठी कालवे आणि बांध घालण्यात बराच पैसा गेला. इकडे 1867 साली रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला आगगाडी मिळाली आणि 1871 साली सरकारने नदीची योजना सोडून दिली. आमची वाट समुद्राकडून आगगाडीकडे वळली, ती कायमचीच.

परंतु आमच्या भागाचा आणि समुद्राचा आणखी एक धागा आहे, तो सागवानाचा. यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली हा सागाचा पट्टा. आलापल्लीच्या सागाची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. आपल्या घराचे दार, देव्हारा, पाळणा, शवपेटी या सर्वांशी सागाचे नाते आहे. पण या लाकडाचे खरे थोरपण पाण्यात दिसते. सागात अंगचे तेल असते, त्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळा खाल्ला जातो. सागात तो त्या मानाने बराच टिकतो. म्हणूनच जहाजबांधणीत सागाला मान मिळाला.

मुंबईच्या गोदीचा इतिहास हा या मानाचाच इतिहास आहे. 1736 साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीड शतक तेथे जहाजे बांधली. बहुतेक लाकूड मलबारच्या रानातले. 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. लोखंडाची जहाजे आली, वाफेची इंजिने आली, गोदीचे वैभव ओसरले. परंतु कोकण किनाऱ्याच्या सुतारांच्या हातातील वाकस आणि सामता काही लगेच सुटले नाहीत.

या हातांची एक विलक्षण कथा 1963 साली मुंबईतच सुरू झाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकारी. नौका बांधणे हा त्याचा धंदा नव्हे. सहकाऱ्यांसह त्याने एक नौका बांधावयाचे ठरविले. नकाशा मागविला, तो जुन्या घाटणीचा निघाला. तरीही तोच स्वीकारला. कुलाब्याच्या आवारात देशी सुतारांनी जुन्याच हत्यारांनी सागवानी फळ्या तासल्या. सुमारे 32 फुटांची, दोन डोलकाठ्यांची ही नौका 1964 च्या डिसेंबरात आपल्या रीतीप्रमाणे नारळ फोडून पाण्यात उतरविण्यात आली. इराणी आखातातील दक्षिणपूर्वेच्या वाऱ्याला अरब खलाशी जे नाव देतात, तेच तिला मिळाले : ‘सुहैली’. मुंबईहून आफ्रिकेचे टोक ओलांडून ती 1967 साली इंग्लंडला पोहोचली.

पुढचा भाग आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. 1968 साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टनला नवी, मोठी, पोलादी नौका हवी होती. त्यासाठी त्याने ‘सुहैली’ विक्रीस काढली. परंतु मनाजोगता ग्राहक मिळाला नाही आणि नव्या नौकेसाठी कोणी पैसाही दिला नाही. म्हणून तो हाती होती तीच नौका घेऊन 14 जून 1968 रोजी फाल्मथहून निघाला. वाटेत तळाचे सांधे पाणी घेऊ लागले, तेव्हा पाण्याखाली उतरून त्याने त्यांत कापूस भरला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. वादळात पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला, सुकाणूची यंत्रणा मोडली. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, तो परतला. नऊ जण निघाले होते. प्रदक्षिणा पूर्ण करून परतणारा तो एकटाच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट या गृहस्थाने घाईघाईने बांधलेल्या नौकेत प्रवास आरंभिला. नौका टिकेना, कर्ज डोक्यावर. म्हणून त्याने खोट्या जागा कळवीत राहण्याचा मार्ग धरला आणि अखेर समुद्रातच त्याचा अंत झाला. सर्वांत वेगवान प्रवासाचे 5000 पौंडांचे बक्षीस नॉक्स-जॉन्स्टनला मिळाले, ते त्याने क्रोहर्स्टच्या पत्नीला आणि मुलांना देऊन टाकले. त्याच्या विक्रमापेक्षा आम्हांला हे कृत्य मोठे वाटते.

‘सुहैली’च्या उत्तरायुष्यातही एक धडा आहे. 1997 साली ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात सन्मानाने ठेवण्यात आली. परंतु तेथील कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडू लागले. जी वादळांना पुरून उरली, ती सुरक्षित छपराखाली सुकू लागली. अखेर 2002 साली तिच्या धन्याने तिला परत नेले, दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात सोडले.

आपल्या कुटुंबांतील मुले आज नोकरीनिमित्त मुंबई-गोव्यात आहेत. त्यांच्यापैकी कोणी आठवड्याच्या सुटीत समुद्रावर जाण्यासाठी हौशी हातांनी बांधलेली जुनी लाकडी नौका विकत घेऊ म्हणाला, तर वडीलधाऱ्यांनी त्याला हसू नये. मात्र चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. रंग पाहून भुलू नये. तळाच्या फळ्या, सांधे आणि पावसाचे गोडे पाणी जेथे साचते ते कोपरे टोच्याने तपासावेत. लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा हे गोडे पाणीच अधिक कुजविते. खिळे व बोल्ट काही ठिकाणी काढून पाहावेत, कारण लाकूड शाबूत आणि लोखंड गेलेले, असे पुष्कळदा घडते. हौशी माणसाने बांधलेली नौका असेल तर नकाशा कोणाचा आणि लाकूड कोणते, हे विचारावे. एखाद्या जाणत्या नौकासुताराला सोबत न्यावे. आणि घेतल्या किमतीवर खर्च संपत नाही, हे ध्यानी ठेवावे. अशी नौका दरवर्षी हात मागते. ज्याला रविवारचा विरंगुळा हवा पण शनिवारची मेहनत नको, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

लाकडाची ही विद्या पूर्ण लोपली असेही नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादई’ तयार झाली. तिच्यातून 2009-10 साली कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले आणि 2013 साली अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा न थांबता पूर्ण केली. 2018 साली ‘गोल्डन ग्लोब’च्या सुवर्णमहोत्सवी शर्यतीसाठी टॉमी यांनी जी ‘थुरिया’ नेली, ती ‘सुहैली’चीच प्रतिकृती आणि तीही गोव्यातच घडविलेली. हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि परक्या देशाच्या जहाजाने त्यांचे प्राण वाचविले. 2023 साली दुसऱ्या नौकेतून त्यांनी तीच शर्यत पूर्ण केली आणि दुसरा क्रमांक मिळविला.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे नाव जगाला ठाऊक आहे. कुलाब्याच्या आवारात उन्हात बसून ज्यांनी त्या फळ्या एकमेकींना बिलगविल्या, त्या सुतारांची नावे मात्र जगाच्या ओठांवर नाहीत. आपल्या घरातील सागवानी दाराला पुढच्या खेपेस तेलाचा हात द्याल, तेव्हा ते घडविणाऱ्या सुताराचे नाव घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा, एवढीच आमची विनंती आहे.