आतड्यातला पहारेकरी : हिस्टामाइन, मासे आणि क्षयरोगाची गोळी

१९३२ साली बोस्टनमध्ये सोमा वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामाइन या रसायनाचे माणसावरील परिणाम तपासले. शिरेतून अवघे ०.००७ मिलिग्रॅम दिले, तरी रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि नाडी जलद झाली. तोंडावाटे मात्र १८० मिलिग्रॅम देऊनही काहीच जाणवले नाही. दोन मात्रांमध्ये पंचवीस हजार पटींहून अधिक अंतर! भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला असे गुणोत्तर दिसले की पहिली शंका येते ती मध्ये उभ्या असलेल्या एखाद्या अडथळ्याची. हा अडथळा कोणता आणि तो ढासळला तर काय होते, याचा इतिहास आपल्या देशातील लाखो रुग्णांशी जोडलेला आहे.

हिस्टामाइन प्रथम १९०७ साली प्रयोगशाळेत तयार झाले; विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते घडवले. १९१० मध्ये लंडनला हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते अर्गट या बुरशीत सापडले आणि त्याचे शरीरावरील परिणाम नोंदले गेले. १९२७ मध्ये ताज्या यकृतातून व फुप्फुसातून ते वेगळे करण्यात आले, तेव्हा हे रसायन आपल्या शरीरातच वसते हे निश्चित झाले. त्या चमूत चार्ल्स बेस्ट होते. इन्सुलिनच्या शोधातले तेच बेस्ट. १९२९ मध्ये त्यांच्या लक्षात आले, की फुप्फुसाच्या ऊतीत हिस्टामाइन आपोआप नाहीसे होते. ते नाहीसे करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ‘हिस्टामिनेज’ हे नाव मिळाले. पुढे १९३८ मध्ये त्सेलर यांनी त्याला ‘डायअमाइन ऑक्सिडेज’ म्हटले. आतड्याच्या अस्तरात हे विकर विपुल असते. अन्नातले हिस्टामाइन रक्तात शिरण्यापूर्वीच बव्हंशी मोडून टाकणारा पहारेकरी तो हाच.

पहारेकऱ्यावर मात दोन प्रकारे होऊ शकते. पहिला प्रकार म्हणजे येणारा लोंढाच प्रचंड असणे. बांगडा, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा बर्फाविना राहिला, तर जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामाइन उष्णतेला दाद देत नाही. कालवण कितीही उकळा, ते तसेच राहते. मग निरोगी माणसाचाही चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, विषबाधा होय.

दुसऱ्या प्रकारात पहारेकरीच निष्प्रभ होतो. त्याचा स्वच्छ पुरावा क्षयरोगाच्या उपचारातून मिळाला. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे औषध आले. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि १९५९ मध्ये त्याने जगाला दाखवून दिले, की घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातल्या उपचारांइतकेच गुणकारी असतात. क्षयरुग्ण घरी राहू लागला, म्हणजेच त्याच्या गोळ्या आणि घरचे जेवण एकत्र आले. १९७७ मध्ये श्रीलंकेतील उरगोडा आणि कोट्टेगोडा यांनी नोंदवले, की आयसोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांना हिस्टामाइनयुक्त मासे खाल्ल्यावर त्रास होतो. कारण हे औषध डायअमाइन ऑक्सिडेजला रोखते. त्याच ताटातले इतर जण सुखरूप राहतात. रुग्णाला मात्र वाटते, औषधच बाधले.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि आयसोनियाझिड आजही पहिल्या फळीतले औषध आहे. गैरसमजाने गोळ्या थांबल्या, तर रोग उलटण्याचा आणि जंतू औषधांना दाद न देण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णाने गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. काय खाल्ले होते हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. मासेही सोडण्याची सक्ती नाही, कारण प्रथिनांची गरज त्याला अधिक असते. मासा ताजा आणि बर्फात ठेवलेला मात्र असावा.

औषधाचा संबंध नसतानाही काहींचे विकर जन्मतः वा आजाराने दुबळे असू शकते, हा विचार १९९० च्या दशकात व्हिएन्नाच्या राइनहार्ट यारिश प्रभृतींनी पुढे आणला. तीच ‘हिस्टामाइन-असहिष्णुता’. कल्पना तर्कसंगत असली, तरी मोजमाप अवघड ठरले. २००४ मधील एका प्रयोगात ७५ मिलिग्रॅम हिस्टामाइन घेतलेल्या दहा निरोगी स्त्रियांपैकी पाच जणींना लक्षणे जाणवली. २०११ मध्ये, ऑस्ट्रियातच, संशयित रुग्णांवर दुहेरी अंध चाचणी झाली. तीत तीच लक्षणे पुन्हा खात्रीने उमटली नाहीत. रक्तातील विकराची पातळी मोजूनही निर्णायक निदान होत नाही.

त्यामुळे महागड्या तपासण्यांच्या जाहिरातींपेक्षा जुनी प्रायोगिक शिस्त अधिक उपयोगी पडते. आधी अ‍ॅलर्जी व पोटाचे अन्य विकार तपासून घ्यावेत. आहाराची आणि लक्षणांची रोजनिशी ठेवावी. दोन ते चार आठवडे मुरलेले चीज, मद्य, शिळे मासे टाळावेत आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करून पाहावा. तेही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. परत सुरू करण्याची पायरी गाळली, तर उरतो तो केवळ उपास, प्रयोग नव्हे.

वाइस यांच्या दोन आकड्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर विकराने दिले. किती दुबळा पहारेकरी म्हणजे आजार, हे उरलेले अर्धे उत्तर अजून मोजायचे आहे.