वऱ्हाडचा कापूस, परमुलखाचे कापड

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे आपल्याकडे म्हणतात. हे सोने म्हणजे आपला पांढरा कापूस. पण अमरावती-अकोल्याच्या माणसाने इथेच पिकलेल्या कापसाचे, इथेच विणलेले धोतर किंवा लुगडे घ्यायचे म्हटले, तर त्याला बाजारात बरीच पायपीट करावी लागेल. ही अडचण आजची नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

एके काळी कोष्टी, साळी आणि मोमीन यांचे माग वऱ्हाडात ठिकठिकाणी चालत. बाळापूरची पागोटी आणि अकोटच्या सतरंज्या नावाजलेल्या होत्या. शेतातला कापूस, बायाबापड्यांनी काढलेले सूत, जवळच्या मागावरचे कापड आणि आठवडी बाजारातली विक्री, असा सारा व्यवहार पंचक्रोशीतच उरकत असे. ‘स्थानिक माल घ्या’ असे कुणाला सांगावे लागत नव्हते.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला रूळ आले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस उमरावतीच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

गाठी घेऊन गेलेली गाडी येताना विलायती कापड घेऊन आली. हे आपोआप घडले असे मात्र नाही. त्या वेळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी सरकारी अहवालात हिशेब स्वच्छ मांडला होता. रेल्वेने विलायती कापड स्वस्त येईल, देशी कापड मागे पडेल, घरी सुतासाठी खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील! आपला विणकर कौशल्यात कमी पडला म्हणून हरला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

पुढे १९०५ मध्ये वंगभंगाविरुद्ध स्वदेशीची चळवळ उभी राहिली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांच्यासारख्या पुढाऱ्यांमुळे स्वदेशीचा विचार वऱ्हाडात पोचला. पण शपथ घेणे सोपे, ती दुकानात पाळणे कठीण. हातमागावरच्या तलम कापडातले सूत पुष्कळदा विलायतीच असे. मग ते कापड स्वदेशी म्हणावे की परदेशी? नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. तिचे कापड देशी खरे; पण गिरणीचा स्वस्त माल घेतला की गावातल्या कोष्ट्या-मोमिनाचा माग आणखी अडचणीत येई. गांधीजींनी हातसुताची खादी पुढे आणली तेव्हा हा पेच तत्त्वापुरता सुटला, पण किमतीचा राहिलाच. खादी महाग आणि जाडीभरडी. चार जणांच्या कुटुंबाला वर्षाचे कपडे घेणाऱ्या मजुराने गिरणीचे धोतर पत्करले, तर त्याच्या देशप्रेमात खोट कशी काढणार?

पुढे गिरण्यांवरही तीच पाळी आली. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल बंद पडल्या. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. अमरावती ही कापडाची मोठी ठोक बाजारपेठ झाली, पण तिथले बहुतेक ठाण सुरतेकडून येतात. दुकानदार आपला, गल्ला आपला; विणणारा मात्र परमुलखातला. आता घरबसल्या मागवलेल्या पार्सलने त्या दुकानदाराच्याही पोटावर पाय येऊ लागला आहे.

२० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन झाले. कापसापासून तयार कपड्यापर्यंत सारे एकाच ठिकाणी व्हावे, हा त्यामागचा हेतू. त्याचे स्वागतच आहे. फक्त तिथले कापड बाळापूर-अकोटच्या बाजारातही विकायला यावे आणि हातमाग जाणणाऱ्या घरांतल्या पोरांना तिथे काम मिळावे. गिऱ्हाइकाने आपला माल जरूर मागावा. पण तो त्याच्या ऐपतीत, त्याच्या बाजारात ठेवण्याची जबाबदारी एकट्या गिऱ्हाइकावर टाकून चालणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)