नीराकाठचा ऊस आणि विजेचा अमोनिया

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास आले आणि बारामती-इंदापूरच्या जिराईत मुलखात ऊस उभा राहिला. त्याची नत्राची भूक आरंभी शेणखत व पेंडीने, पुढे बाहेरून येणाऱ्या रासायनिक खतांनी भागविली गेली. पाणी घरचे, खत मात्र परस्वाधीन, अशी या बागायतीची घडण झाली.

सूर्यशक्तीच्या विजेवर अमोनिया येथेच करावा, या आजच्या विचाराला पंजाबातील नांगलचा पूर्वेतिहास आहे. तेथे १९६१ पासून भाक्राच्या जलविद्युतेने पाण्याचे विघटन करून अमोनिया तयार होई. या रीतीत टनामागे सुमारे १०,००० युनिट वीज लागते. युनिटास ४ रुपये धरल्यास केवळ विजेचेच ४०,००० रुपये होतात. १९७८ मध्ये नांगलचे नवे संयंत्र इंधनतेलावर उभारले गेले. तात्पर्य, वाहतूक वाचली तरी अखेरचा निर्णय विजेच्या भावावरच ठरेल.