तळटीप : अतारांकित प्रश्न

ज्याचे उत्तर तोंडी न देता लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते, तो अतारांकित प्रश्न. लेखकाने वर त्याला ‘कागदी हत्यार’ म्हटले आहे. ते पुरते पटत नाही. १८९२च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्नही नाही. उपप्रश्न आला १९०९मध्ये, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. टिळक आणि गोखले मुंबई कौन्सिलात बसले ते १८९२च्याच बंधनात. आज लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न २० आणि त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. अतारांकित मात्र २३०पर्यंत. एखाद्या तालुक्यातला रखडलेला बंधारा किंवा पीकविम्याची थकलेली रक्कम नोंदीवर आणायची, तर खासदाराला मोकळी वाट बहुधा हीच. उत्तरे टोलवाटोलवीची असतात हा आक्षेप खरा आहे (वाचणाऱ्याला कंटाळा येतो हेही खरे). पण ‘माहिती गोळा केली जात आहे’ हे उत्तर लोकसभेत आश्वासन धरले जाते आणि १९५३पासूनची शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. शिवाय दिलेला आकडा मंत्र्याच्या नावावर, तारखेसह राहतो. पुढच्या अधिवेशनात त्यालाच धरून नवा प्रश्न टाकता येतो.