फुफ्फुसातला दाह आणि साठ वर्षांचे जुने औषध

१९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कुणाला अपघात झालेला, कुणाला न्यूमोनिया. मूळ दुखणे वेगळे, पण फुफ्फुसांची अवस्था एकसारखी. ऑक्सिजन देऊनही तो रक्तात पुरेसा पोहोचत नव्हता. १२ पैकी ७ जण दगावले. पुढे या अवस्थेला 'एआरडीएस' हे नाव पडले.

फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की प्राणवायू सहज रक्तात उतरतो. जंतुसंसर्ग किंवा मोठी इजा झाली की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. त्यांनी जंतूंसाठी सोडलेली रसायने कधी कधी आपल्याच वायुकोशांना इजा करतात आणि त्यांत पाणी भरते. राखणदारानेच घर मोडावे, तसा हा प्रकार.

मग दाह शमवणारे औषध दिले की झाले, असे वाटणे साहजिक होते. पण १९८७ मध्ये ९९ रुग्णांवरील चाचणीत मोठ्या मात्रेने स्टिरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. पांढऱ्या पेशींतील एका विकराला अडवणारे 'सिव्हेलेस्टॅट' हे नवे संयुग जपानमध्ये वापरात आले. आंतरराष्ट्रीय चाचणीत मात्र त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. २०१४ मध्ये स्टॅटिन औषधांचीही तीच गत झाली. याचे एक कारण असे की, एआरडीएस नाव एक असले तरी त्याची मुळे अनेक आहेत. शिवाय दाह पूर्ण दडपला तर जंतूंशी लढायचे कुणी?

या काळातले मोठे यश औषधाचे नव्हतेच. व्हेंटिलेटरने दर श्वासाला हवा कमी दिली, तर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, हे २००० साली सिद्ध झाले.

मग कोविड आला. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर केला. औषध १९५० च्या दशकातले, अगदी स्वस्त. मात्रा रोज फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीही फायदा झाला नाही.

निकालाचा हा दुसरा भाग आपण नीट वाचला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत साध्या तापालाही स्टिरॉइड घेतले गेले, मनाला येईल तितके दिवस. महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने थैमान घातले, त्यामागे मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणे होती. कित्येकांनी डोळा गमावला, कित्येकांनी जीव.

नव्या संयुगांचा शोध चालूच राहिला पाहिजे. पण एखादे औषध कुणाला, कधी आणि किती द्यायचे, हे कळल्याशिवाय ते औषध होत नाही. तेव्हा वाचकहो, मेडिकलमधून परस्पर स्टिरॉइड आणण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.