रॉकेल, रद्दी आणि एका बाईचे कागद



गटाच्या बैठकीला गेलो की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं. ‘या जुन्या वह्या किती दिवस सांभाळायच्या? द्या रद्दीत.’ आज त्या वाक्याला उत्तर म्हणून आम्ही एक जुनी, पण खरी हकिगत सांगणार आहोत. ती सुरू होते रॉकेलपासून.

आपल्याकडे वीज यायच्या आधी चिमणी पेटायची ती रॉकेलवर, स्टोव्हही रॉकेलवरच. हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय, की तो कुठून आला हे आपण कधी विचारलंच नाही. तो आलाय ‘रॉक ऑइल’वरून. रॉक म्हणजे खडक आणि ऑइल म्हणजे तेल. खडकातून निघणारं तेल ते रॉकेल. या तेलाच्या धंद्यातला अन्याय कागदांच्या आधाराने जगापुढे मांडला एका बाईने. तिचं नाव आयडा टार्बेल.

आयडाचा जन्म 1857 सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. ती दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा ऑगस्ट 1859 मध्ये त्याच राज्यात टायटसव्हिल गावाजवळ विहीर खणून तेल काढण्यात यश आलं. मग काय, माणसांची रीघ लागली. तेल निघत होतं, पण ते साठवायचं कशात? आयडाच्या वडिलांच्या हाती सुतारकाम होतं. त्यांनी तेलासाठी लाकडी टाक्या बांधायला सुरुवात केली आणि घराला बरे दिवस आले.

आयडा चौदा वर्षांची असताना, 1872 साली, त्या भागावर संकट कोसळलं. जॉन रॉकफेलर नावाचा एक व्यापारी होता. (त्याच्या नावातही ‘रॉक’ आहे, पण तो योगायोग बरं का!) त्याची स्टँडर्ड ऑइल कंपनी आणि आणखी काही बडे तेल शुद्ध करणारे एकत्र आले आणि त्यांनी रेल्वे कंपन्यांशी गुपचूप करार केला.

करार काय होता, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा, तुम्ही आणि गावातला एक बडा बागायतदार एकाच टेम्पोतून कांदा बाजारात नेता. टेम्पोवाल्याने सगळ्यांचं भाडं वाढवलं. पण बागायतदाराला त्याच्या भाड्यातले काही पैसे तो मागच्या दाराने परत देतो. एवढ्यावर थांबत नाही. तुम्ही भरलेल्या भाड्यातलाही वाटा त्यालाच देतो! म्हणजे तुम्ही जितका माल पाठवाल, तितके पैसे तुमच्याच विरोधकाच्या खिशात. अशा बाजारात लहान माणूस किती दिवस टिकणार?

करार फुटला आणि तेलवाले खवळले. त्यांनी एकी केली आणि या टोळीला तेल विकायचंच नाही असं ठरवलं. काही आठवड्यांत करार मोडला, तो करणाऱ्या कंपनीची सनदही रद्द झाली. पण तोवर क्लीव्हलँड शहरात रॉकफेलरने आपल्या 26 स्पर्धकांपैकी 22 जणांचे कारखाने विकत घेतले होते. ‘आता विका, नाहीतर बुडा’ अशी हवाच तयार झाली होती.

आयडाच्या घरालाही पुढे झळ बसली. वडिलांच्या भागीदाराचा धंदा बुडाला आणि त्याने जीव दिला. त्याचं देणं वडिलांच्या अंगावर आलं आणि राहतं घर गहाण पडलं. कर्जापायी घरातला कर्ता माणूस गप्प गप्प होत जातो, ते आपण आपल्या गावांतही पाहिलंय.

आयडा शिकली. 1876 साली मीडव्हिल गावच्या ॲलेगेनी कॉलेजात गेली, तेव्हा तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे शिक्षिका झाली, पत्रकार झाली, पॅरिसला राहून आली. न्यूयॉर्कच्या ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकाने स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लिहायचं काम तिला दिलं, तेव्हा तिचे वडीलच आधी ‘नको’ म्हणाले. ही माणसं मासिकच बुडवतील, अशी त्यांना भीती होती.

मनात राग असणारच. पण नुसता राग लिहिला तर लोक म्हणणार, बापाचा धंदा बुडाला म्हणून लेक बोलतेय. म्हणून तिने ठरवलं, कागद बोलतील. सरकारी चौकश्यांमधले जबाब, कोर्टातले खटले, प्रतिज्ञापत्रं, जुनी वर्तमानपत्रं तिने वाचून काढली. क्लीव्हलँडमध्ये जॉन सिडॉल नावाचा मदतनीस नेमला. 1872 च्या त्या कराराबद्दल त्या काळी एक पुस्तिका छापली होती. लोक म्हणायचे, तिच्या सगळ्या प्रती नाहीशा केल्यात. आयडाला न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक प्रत मिळाली. कुणीतरी ती नीट सांभाळून ठेवली होती, म्हणून मिळाली.

आता ऐका रद्दीची गोष्ट. स्टँडर्ड ऑइलच्या एका कचेरीत एक पोरगा कामाला होता. दर महिन्याला जुने कागद जाळायचं काम त्याच्याकडे. एकदा जाळता जाळता त्याला एका कागदावर ओळखीचं नाव दिसलं. ते होते त्याला चर्चमध्ये रविवारी धर्माचे धडे देणारे गुरुजी. त्यांचाही तेल शुद्ध करायचा छोटा कारखाना होता. पोरगा नीट बघायला लागला. गुरुजींचा माल कधी, कुठे, किती जातो, याची खबर रेल्वेच्या कचेऱ्यांमधून स्टँडर्डला मिळत होती. तो माल वाटेत अडवून गिऱ्हाईक फोडायचं, असा डाव. पोराने ते कागद जाळले नाहीत, गुरुजींना दिले. गुरुजींकडून ते आयडाकडे आले.

कंपनीचे एक मोठे अधिकारी, हेन्री रॉजर्स, तिला भेटून आपली बाजू सांगत असत. तीही ती शांतपणे ऐकून टिपून घ्यायची. पण या कागदांवरचा लेख छापून आला आणि रॉजर्स संतापले. हे कुठून मिळालं, एवढंच त्यांना हवं होतं. तिने पोराचं नाव फुटू दिलं नाही. त्यानंतर भेटी थांबल्या.

नोव्हेंबर 1902 पासून तिचे लेख मासिकात येत राहिले आणि 1904 साली त्यांचं दोन खंडांचं पुस्तक झालं. शेवटी मूळ कागदपत्रंच छापली होती, म्हणजे ज्याला शंका आहे त्याने स्वतः वाचावं. 1905 साली वडील वारले. 1906 साली अमेरिकेच्या सरकारने कंपनीवर खटला भरला आणि 15 मे 1911 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे 34 तुकडे करायचा आदेश दिला. हे एकट्या आयडाने केलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यामागे वकील होते, लहान व्यापारी होते, वर्षानुवर्षांची तक्रार होती. पण सगळी हकिगत सामान्य माणसाला कळेल अशी एका जागी मांडली ती तिने.

आयडा काही देवी नव्हती. एका विधवा बाईचा तेलाचा कारखाना रॉकफेलरने पडत्या भावात घेतला, असं तिने लिहिलं. त्या बाईचं प्रतिज्ञापत्र तिच्यापुढे होतं. पुढच्या अभ्यासकांनी कागद पुन्हा तपासले आणि म्हणाले, मिळालेला भाव तितका वाईट नव्हता. आणि आपल्याला नवल वाटेल, स्वतः एवढं करूनही बायकांना मताचा हक्क मिळावा या चळवळीला तिने साथ दिली नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कागद राहिले, म्हणून तिची चूकही तपासता आली. कागद हा फक्त दुसऱ्याला पकडायला नसतो, तो आपल्यालाही खरं वागायला लावतो.

1944 साली आयडा गेली. तिची पत्रं, टिपणं आणि हस्तलिखितं आज तिच्या ॲलेगेनी कॉलेजात आणि टायटसव्हिलच्या ड्रेक वेल संग्रहालयात जपून ठेवली आहेत. ज्या गावात ती लहानाची मोठी झाली, तिथेच.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. त्या 34 तुकड्यांतून वाढलेल्या दोन कंपन्यांच्या भागीदारीने 1954 साली मुंबईत तुर्भे-माहूलला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. पुढे तो एस्सोचा झाला आणि 1974 साली सरकारने तो कारभार हाती घेतल्यावर हिंदुस्तान पेट्रोलियमचा. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या चुलीशेजारी याच कंपनीचं सिलिंडर उभं असतं.

तर मैत्रिणींनो, अडत्याची हिशेबपट्टी, दूध डेअरीची पावती, बँकेचं पासबुक, गटाची ठराववही. यातला एकेक कागद किरकोळ वाटतो. पण दहा वर्षांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, की कोणी किती हमाली कापली, कुणाचं वजन दर वेळी कमी भरलं, हे दिसायला लागतं. तोंडी तक्रारीला ‘बाई, तुमचा गैरसमज झालाय’ म्हणता येतं. तारखेच्या आणि सहीच्या कागदाला म्हणता येत नाही.

आमचं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीला एक पत्र्याची पेटी आणा. त्यात वर्षाप्रमाणे कागद लावा, वाळवी लागू नये म्हणून थोडा कडुलिंबाचा पाला टाका आणि किल्ली कुणाकडे राहील त्याचा ठराव लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्या मैत्रिणीला तिचा कागद मोठ्याने वाचून दाखवा.

आणि रद्दीवाला दारात आला, तर आधी पेटी उघडून बघा. मग काय द्यायचं ते द्या.